गप्प करण्याआधी ऐकणे

२०२५ च्या मे महिन्यात नागपुरातील आमच्या खामल्याच्या गल्लीत मोटारींच्या किल्ल्या एकाएकी काम करेनाशा झाल्या. बटण दाबले तरी दार उघडत नसे, किल्ली अगदी काचेला टेकवली तर कधी उघडे, कधी नाही. आणि तीच मोटार प्रतापनगरच्या चौकापर्यंत ढकलत का होईना नेली की सगळे सुरळीत चाले. पहिले दोन दिवस प्रत्येकाने आपापल्या किल्लीतला सेल बदलून पाहिला. तिसऱ्या दिवशी शेजारी एकमेकांना विचारू लागले आणि चौथ्या दिवशी कोणीतरी ठामपणे सांगितले, की इथे कुणीतरी जॅमर लावून बसले आहे.

ते दिवसच तसे होते. पहलगामचा हल्ला होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, सीमेवर ड्रोन येत असल्याच्या बातम्या रात्रभर चालू असत, आणि आमचे घर सोनेगावच्या विमानतळापासून फार दूर नाही. साहजिकच लोकांच्या नजरा कोपऱ्यावरच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याकडे वळल्या. मुलगा परगावचा, रात्री उशिरापर्यंत दिवा चालू, खिडकीत दोन अँटेना, खोलीत तारा, बॅटऱ्या आणि अर्धवट जोडलेले ड्रोनचे सांगाडे. पोलिसांना कळवावे असे ठरतच होते, तेव्हा मी एका संध्याकाळची मुदत मागून घेतली. मी १९८७ पासून परवानाधारक हौशी रेडिओचालक आहे, आमच्या भाषेत हॅम, आणि अनोळखी सिग्नल कुठून येतो हे शोधणे हा आमच्या छंदाचाच एक भाग आहे.

हातातल्या सेटवर ४३३.९२ मेगाहर्ट्झ लावताच उत्तर मिळाले. मोटारींच्या किल्ल्या, फाटकांचे रिमोट, घरगुती सेन्सर अशी कितीतरी लहान यंत्रे याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास बोलतात. ती एरवी क्षणभर बोलून गप्प बसतात, म्हणून एकमेकांच्या आड येत नाहीत. इथे मात्र एक कोरा कॅरिअर, म्हणजे कोणताही संदेश नसलेली नुसती रेडिओलहर, अखंड चालू होता. त्यात आवाज नव्हता, ठोके नव्हते, केवळ एक सलग उपस्थिती होती, आणि तिच्यापुढे किल्लीचा क्षीण आवाज मोटारीपर्यंत पोहोचतच नव्हता.

मी पीव्हीसी पाइपावर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे बसवून केलेली तीन दांड्यांची यागी अँटेना काढली; ती ज्या दिशेला रोखावी तिकडचा सिग्नल जोरात पकडते. या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असल्याने अशी अँटेना एका हातात सहज मावते. गच्चीवर उभे राहून ती हळूहळू फिरवली, तर सिग्नल सर्वांत जोरात लागला तो नेमका त्या विद्यार्थ्याच्या इमारतीच्या दिशेने. मी तिथेच थांबलो असतो आणि खाली येऊन बोट दाखवले असते, तर पुढे काय झाले असते याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो. पण सेमिनरी हिल्सच्या झाडीत आणि अंबाझरीच्या काठावर आम्ही ‘फॉक्स हंट’ खेळायचो, म्हणजे कुणीतरी लपवलेला लहानसा ट्रान्समीटर अँटेनांच्या मदतीने हुडकून काढायचो, तेव्हा पहिला धडा हाच मिळाला होता की एका जागेवरून घेतलेल्या दिशेवर कधीही विश्वास ठेवू नये. लहरी भिंतींवर, पत्र्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर आपटून परततात, आणि परतलेली लहर खऱ्या लहरीइतक्याच ठामपणे खोटी दिशा सांगते.

त्या मुलालाच मी बरोबर घेतले. वही त्याच्या हाती दिली आणि गल्लीचे दुसरे टोक, देवळाचे पटांगण, किराणा दुकानासमोरचे वळण अशा तीन जागांवरून दिशा घेतल्या. कागदावर रेषा ओढल्या तेव्हा तिन्हींनी एकमेकींना छेदले ते मधल्या एका तीनमजली घरावर, आणि गच्चीवरून दिसलेली माझी पहिली दिशा ही कोपऱ्यावरच्या मोठ्या टिनाच्या छपरावरून परतलेली निघाली. घराजवळ गेल्यावर सिग्नल इतका दणदणीत झाला की अँटेना कुठेही वळवली तरी काटा हलेना. अशा वेळी अँटेना काढून टाकायची, सेट किंचित बाजूच्या फ्रिक्वेन्सीवर न्यायचा, आणि तो छातीशी घट्ट धरून स्वतःभोवती सावकाश फिरायचे; आपल्याच शरीराची आड आली की आवाज पडतो, आणि जिथे पडतो तिथे ट्रान्समीटर आपल्या पाठीमागे असतो. असे फिरत फिरत आम्ही त्या घराच्या गच्चीवर पोहोचलो. टाकीच्या झाकणाला पाण्याची पातळी सांगणारा एक वायरलेस सेन्सर बसवलेला होता. शेजारच्या डेझर्ट कूलरचे पाणी त्याच्या डबीत शिरले होते आणि आतला ट्रान्समीटर चालू स्थितीत अडकून पडला होता. घरात एक वृद्ध दांपत्य. टाकी भरून वाहू नये म्हणून मुलाने पुण्याहून येऊन ते यंत्र बसवून दिले होते. सेल काढला आणि खालच्या रस्त्यावर कुणाच्या तरी मोटारीने पहिल्याच दाबाला चीत्कार केला.

परतताना तो विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, म्हणजे लोकं चार दिवस माझ्याच खोलीकडे पाहून राहिले होते?”

संशयास्पद वायरलेस संपर्क हा विषय निघाला की मला तो प्रश्न आठवतो, कारण या कामात सर्वांत अवघड काय असेल तर ते सिग्नल पकडणे नसून त्याला संशयास्पद ठरवणे हे आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात २००४ मध्ये उपग्रहांनी एका संकटसूचक सिग्नलची नोंद केली आणि शोधपथक ज्या दारात जाऊन उभे राहिले तिथे एका महाविद्यालयीन तरुणाचा दूरचित्रवाणी संच होता. बिघाडामुळे तो संच १२१.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे विमानांच्या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर, लहरी सोडत होता. कुणाचाही काहीही हेतू नसताना असे घडते, आणि माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा असेच घडते.

म्हणून देशात हे काम लोकांच्या अंदाजावर सोडलेले नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन ही यंत्रणा देशभर केंद्रे चालवते, नागपुरातही तिचे केंद्र आहे. कोणती फ्रिक्वेन्सी कोणाला दिली आहे, ती तोच वापरतो आहे ना, दिलेल्या शक्तीपेक्षा जास्त जोराने वापरत नाही ना, आणि जिथे कोणीच असू नये तिथे कोण बोलते आहे, हे ही केंद्रे तपासतात. बोलणाऱ्याने आपला मजकूर कितीही गुप्त केलेला असो, बोलायचे म्हटले की त्याला लहरी सोडाव्याच लागतात, आणि सोडलेल्या लहरीला दिशा असते. मजकूर कळला नाही तरी जागा कळते, ही या विद्येची खरी ताकद आहे.

ऐकण्याने काय साधते याचे आपल्या राज्यातले सर्वांत वेदनादायक उदाहरण २६ नोव्हेंबर २००८ चे आहे. हल्लेखोर समुद्रातून आले त्या ‘कुबेर’ नौकेवर थुराया कंपनीचा उपग्रह फोन सापडला. मुंबईत शिरल्यावर ते पाकिस्तानातील सूत्रधारांशी इंटरनेटवरून वळवलेल्या कॉलद्वारे बोलत राहिले. दहशतवादविरोधी पथकाला ते क्रमांक मिळाले आणि हल्ला चालू असतानाच ते संभाषण ऐकून ध्वनिमुद्रित करणे सुरू झाले. ते कॉल तोडावेत की ऐकावेत, हा प्रश्न त्या रात्री त्या खोलीतल्या अधिकाऱ्यांपुढे किती भीषण स्वरूपात उभा असेल याची कल्पना करवत नाही. तोडले असते तर हल्लेखोरांना बाहेरून मिळणाऱ्या सूचना थांबल्या असत्या. ऐकले म्हणून सूत्रधार सीमेपलीकडे बसून कसे आदेश देत होते हे जगापुढे आले. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या अपिलावर निकाल दिला तेव्हा त्या संभाषणांचे उतारे निकालपत्रात आले. सूचना वेळेत तोडल्या असत्या तर काही जीव वाचले असते का, याचे उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. पण पुरावा राहिला तो ऐकल्यामुळे, हे निश्चित.

बंद पाडणे हे अगदी वेगळ्या जातीचे काम आहे. जॅमर मोबाइलचा आवाज अडवत नाही. टॉवरकडून मोबाइलकडे ज्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल येतो त्याच फ्रिक्वेन्सीवर तो गोंगाट सोडतो आणि मोबाइल बहिरा होतो. त्या गोंगाटाला गुन्हेगार आणि परिचारिका यांतला फरक कळत नाही. ज्या क्षणी खंडणीसाठी फोन करणाऱ्याचा संपर्क तुटतो, त्याच क्षणी शेजारच्या घरातून ११२ ला केलेला फोनही तुटतो.

वर्धा रोडवरचे मध्यवर्ती कारागृह आम्हा नागपूरकरांच्या रोजच्या जाण्यायेण्यात आहे. ३१ मार्च २०१५ च्या पहाटे तिथून पाच कैदी पळाले, आणि त्यानंतरच्या झडत्यांमध्ये तुरुंगात मोबाइल सापडले, तेव्हा संपूर्ण शहर हादरले होते. आतून बाहेर फोन होत असतील तर भिंतींना अर्थ काय, हा प्रश्न रास्तच होता, आणि त्याला लोकांनी दिलेले उत्तर एकच होते, ‘जॅमर लावा’. पण तुरुंगातील जॅमरचा देशभरातला अनुभव असा, की टूजी आणि थ्रीजीच्या काळात बसवलेली यंत्रे फोरजी आल्यावर निकामी ठरली, कारण नव्या सेवा नव्या पट्ट्यांवर चालू झाल्या आणि जुन्या जॅमरला त्या पट्ट्यांची ओळखच नव्हती. शक्ती वाढवली तर गोंगाट भिंतीबाहेर येतो, आणि त्या भिंतीला लागून आता रहाटे कॉलनी ते अजनी चौक मेट्रो धावते, वसाहती आहेत, रुग्णालये जवळ आहेत. आत शिरणारा मोबाइल झडतीत पकडणे, चालू असलेला मोबाइल त्याच्या लहरींवरून कोणत्या बराकीत आहे ते शोधणे, आणि तो आत कोणी आणून दिला त्या माणसापर्यंत पोहोचणे, हे कष्टाचे काम आहे. माझ्या मते तुरुंगाच्या बाबतीत खरा उपाय तोच आहे. जॅमर हा त्याला जोड म्हणून, आणि तोही नेमक्या कोठड्यांपुरता, कमी शक्तीचा असावा.

जॅमर कुणालाही वापरता येत नाही हे मात्र अजूनही अनेकांना ठाऊक नाही. केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ठरावीक सरकारी यंत्रणांनाच, परवानगी घेऊन, तो घेता येतो, आणि तो ईसीआयएल व बीईएल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांकडूनच येतो. खासगी व्यक्तीने तो विकत घेणे, विकणे, वापरणे बेकायदेशीर असल्याचे दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले होते. आमच्या भागातील एका शिकवणीवर्गाच्या चालकांनी मुलांचे मोबाइल बंद राहावेत म्हणून इंटरनेटवरून मागवलेला एक लहानसा जॅमर भिंतीत लावला होता. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण खालच्या मजल्यावर दवाखाना होता, आणि तिथल्या डॉक्टरांना दुपारी चार ते आठ कुणाचाही फोन लागत नसे. मी जाऊन समजावले, डॉक्टरांनाही बरोबर नेले, आणि यंत्र त्याच दिवशी निघाले. ते निघेपर्यंत कितीजणांनी त्या दवाखान्याला फोन करून पाहिला असेल, हे कोणालाच कळणार नाही.

उपग्रहांच्या सिग्नलबाबत तर आणखी जपावे लागते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून बोलतात आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत तो आवाज इतका क्षीण होतो, की खिशात मावणारे यंत्र त्याला गाडून टाकू शकते. अमेरिकेतील न्यूअर्क विमानतळाजवळ २०१२ मध्ये एका चालकाने मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये एवढ्याचसाठी गाडीत जीपीएस जॅमर ठेवला आणि विमानतळाच्या उपग्रहाधारित यंत्रणेत अडथळा आला. २०१३ मध्ये त्याला जवळपास ३२ हजार डॉलरचा दंड ठोठावण्यात आला. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, विमानांना जीपीएसमध्ये ढवळाढवळ जाणवल्याच्या ४६५ घटना सरकारने संसदेत सांगितल्या. ४४ आणि ५३ क्रमांकाचे राष्ट्रीय महामार्ग ज्या शहरात एकमेकांना छेदतात आणि ज्या शहराच्या विमानतळावर दिवसरात्र विमाने उतरतात, त्या नागपुरात मालवाहू गाडीतील असे एक यंत्रही मला तितकेच गंभीर वाटते.

ड्रोनविषयी थोडेच लिहितो. त्याचा चालवणाऱ्याशी असलेला दुवा तोडला की तो आपल्या जागी परत जातो, जागीच उतरतो किंवा वाऱ्याबरोबर भरकटतो. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसे जमलेली असताना तिसरी शक्यता प्रत्यक्षात आली तर काय होईल, याचा विचार बटण दाबणाऱ्याने आधी केलेला असावा लागतो.

गडचिरोलीच्या चकमकींनंतर जप्त साहित्याच्या यादीत बंदुकांच्या शेजारी वॉकीटॉकी वर्षानुवर्षे दिसत आला आहे. त्या संचांवर कान ठेवणे हे पोलिसांचे कर्तव्यच होते. मात्र ज्या गावात मोबाइलचा टॉवर परवा पोहोचला तिथे सरसकट संपर्क बंद करणे म्हणजे प्रसूतीसाठी गाडी बोलावण्याचा एकमेव मार्ग बंद करणे, आणि असा निर्णय नागपुरात किंवा मुंबईत बसून सहज घेता कामा नये.

या विषयात मला कायमची जाग देणारी गोष्ट मात्र १९४२ ची आहे. दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने १९३९ मध्ये हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द केले होते. तरीही २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून ४२.३४ मीटर तरंगलांबीवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत तो चालवत होते, आणि पोलिसांच्या शोधगाड्या रस्त्यांवरून त्यांची दिशा घेत फिरत होत्या. चिमूर आणि आष्टी येथे सरकारने केलेल्या अत्याचारांची हकिगत वर्तमानपत्रे छापू शकत नव्हती, ती या केंद्राने देशाला सांगितली. चिमूर आमच्यापासून शंभरएक किलोमीटरवर. १२ नोव्हेंबरला केंद्र पकडले गेले, आणि त्याला कारणीभूत झाली ती तंत्रज्ञाने दिलेली माहिती. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. ४२.३४ मीटरचे गणित केले तर ती फ्रिक्वेन्सी सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे ज्या चाळीस मीटर पट्ट्यावर मी रोज सकाळी भोपाळ आणि हैदराबादच्या मित्रांशी बोलतो, त्याच्या आतलीच ती जागा आहे. सेट चालू करताना मला अनेकदा हे आठवते. त्या शोधगाड्यांतले अधिकारी आमच्याच पद्धतीने दिशा घेत होते, त्यांच्या दृष्टीने तेही सार्वजनिक सुरक्षेचेच काम करत होते, आणि तरीही ते चुकीच्या बाजूला उभे होते.

म्हणूनच हुकूम कोण देतो, किती दिवसांसाठी देतो आणि तो कोण तपासतो, या प्रश्नांना मी तांत्रिक प्रश्नांइतकेच महत्त्व देतो. १८८५ च्या तार कायद्याने सरकारला संदेश अडवण्याचा अधिकार दिला होता, पण तो वापरण्याची शिस्त सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरमध्ये घालून दिली आणि २००७ मध्ये तिचा नियम झाला. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे नियम लागू आहेत. संभाषण ऐकण्याचा हुकूम गृहसचिवांच्या पातळीवरून यावा लागतो, तो एका वेळी ६० दिवस आणि एकूण १८० दिवसांपलीकडे चालत नाही, आणि पुनर्विलोकन समिती तो तपासते. इंटरनेट बंद करण्याच्या हुकमांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२० च्या निकालाने सांगितले की ते प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि गरजेच्या प्रमाणात असले पाहिजेत. समितीत सगळे सरकारी अधिकारीच असतात, बाहेरचा न्यायाधीश नसतो, ही उणीव मला खटकते आणि ती भरून निघावी असे मनापासून वाटते.

आम्हा हॅम मंडळींचे काम या साऱ्याच्या कितीतरी अलीकडे थांबते. आपल्यासाठी नसलेला संदेश कानी पडला तर त्याचा मजकूर कुणाला सांगायचा नाही, ही आमच्यावरची जुनी बंधने आहेत. पण आपल्या पट्ट्यावर कुणी अनोळखी बोलत असेल तर वेळ, फ्रिक्वेन्सी, भाषा आणि दिशा यांची नोंद करून ती योग्य ठिकाणी कळवणे आमचे कर्तव्य आहे. बंगालमधील हौशी रेडिओचालकांनी २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या डिसेंबरमध्ये सीमेजवळचे सांकेतिक संभाषण ऐकून हेच केले होते. अशा स्टेशनवर स्वतःहून गोंगाट सोडावा, त्याला ‘पळवून लावावे’, असे एखादा तरुण हॅम उत्साहात म्हणतो तेव्हा मी त्याला थांबवतो, कारण सावध झालेला माणूस फ्रिक्वेन्सी बदलतो आणि मग ज्यांनी त्याच्यापर्यंत पोहोचायचे असते त्यांचीच वाट बंद होते.

मागच्या महिन्यात आमच्या दोन मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास दोन आवाज लागले. स्टेशनचे नाव सांगत नव्हते, मिनिटभर बोलून थांबत होते. मी तीन रात्री तीन जागांवरून दिशा घेतली: एकदा घराच्या गच्चीवरून, एकदा छत्रपती चौकातून, एकदा सोमलवाड्याच्या बाजूने. तिन्ही रेषा महामार्गाच्या पूर्वेला एका लहानशा त्रिकोणात आल्या. नकाशावर तो त्रिकोण पेन्सिलीने काढला, खाली वेळा लिहिल्या, त्या भागातील कुणाचेही नाव लिहिले नाही, आणि सोमवारी पत्र पाठवले. वहीत त्या पानावर कोपऱ्यावरच्या त्या विद्यार्थ्याने, तो आता माझ्याकडे हॅमच्या परीक्षेचा अभ्यास करतो, चौथ्या दिशेसाठी जागा मोकळी सोडली आहे. त्याचे म्हणणे असे, की रिंग रोडजवळच्या गोदामांचे पत्रे आम्ही अजून तपासलेले नाहीत.